वापरायचा नसेल तर कॅमेरा देऊन टाका



आपल्या वयाच्या बहुतेक घरांत एक जुना रोलचा कॅमेरा असतो. कपाटाच्या वरच्या खणात, साड्यांच्या मागे, पट्ट्यासकट गुंडाळलेला. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'राहू दे, आठवण आहे.' आज मला या 'राहू दे' विरुद्धच लिहायचं आहे. माझं मत स्पष्ट सांगते. असा कॅमेरा चालता ठेवा, नाहीतर चालवणाऱ्याला द्या. कपाटात कुजत ठेवणं ही आठवण नाही, तो निव्वळ परिग्रह आहे. तत्त्वार्थसूत्रात वस्तूला नव्हे तर वस्तूवरच्या आसक्तीला परिग्रह म्हटलं आहे. ज्या वस्तूकडे आपण वर्षानुवर्षं बघतही नाही पण जी हातातून सोडवतही नाही, तिला दुसरं काय म्हणायचं?

आमच्याकडे आहे पेंटॅक्स के१०००. १९८८ साली माझ्या आतेदिरांनी दुबईहून येताना ह्यांच्यासाठी आणला. हे तळोजा एमआयडीसीत नोकरीला, मुलं लहान, आणि घरात एवढीच एक चैनीची वस्तू. हा कॅमेरा कंपनीने १९७६ साली बाजारात आणला आणि १९९७ पर्यंत जवळजवळ तसाच बनवत राहिली. कारण त्यात बिघडायला फार काही नाही. शटर पूर्ण यांत्रिक, स्प्रिंग आणि दातेरी चाकांवर चालणारं. सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजणाऱ्या काट्याला. सेल संपला तरी फोटो निघतो, उजेडाचा अंदाज आपल्याला बांधता आला म्हणजे झालं. परदेशात फोटोग्राफी शिकणाऱ्या मुलांच्या हातात अनेक वर्षं हाच कॅमेरा देत, यात नवल नाही.

एक गोष्ट मात्र माहीत हवी. या कॅमेऱ्याचा प्रकाशमापक बंद करायला वेगळं बटण नाही. भिंगावर उजेड पडत राहिला की सेल झिजतो. म्हणून भिंगाचं झाकण लावून ठेवायचं, आणि महिना-दोन महिने वापर नसेल तर सेल काढूनच ठेवायचा. आत सेल गळून हिरवट क्षार चढलेले कॅमेरे मी पाहिले आहेत. आठवण जपणाऱ्या घरांतलेच होते ते.

मी बी.कॉम. झालेली आहे, त्यामुळे हिशेबाच्या भाषेतही सांगते. घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा लावला तर मालमत्तेची किंमत कधीच शून्य होत नाही, हे आम्ही घोकलेलं. कॅमेऱ्याच्या बाबतीत गंमत अशी की वहीत तो शून्याच्या जवळ आला आणि बाजारात त्याची किंमत पुन्हा चढली. निकॉनने २०२० मध्ये आपला शेवटचा व्यावसायिक फिल्म एसएलआर, एफ६, बंद केला. पेंटॅक्सने २०२४ मध्ये एक नवा फिल्म कॅमेरा काढला, पण तो एसएलआर नाही. म्हणजे ज्यांना हे यंत्र हवंय त्यांना आपल्या कपाटांकडेच यावं लागतं, आणि हवंय बऱ्याच तरुण मुलांना. मोबाइलवर एका दिवसात दोनशे फोटो काढणारी ही मुलं ३६ फोटोंच्या रोलसाठी पैसे साठवतात. रंगीत रोल, धुणं, स्कॅन असं सगळं धरलं तर खर्च सहज हजाराच्या पुढे जातो. एका फोटोचे तीसेक रुपये झाले की माणूस बटण दाबण्याआधी थांबतो. हा संयम पैशाच्या भीतीने आलेला असेल, तरी मला तो आवडतो.

आता मुख्य शत्रूकडे वळते. बुरशी.

तळोजातला पावसाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. जून ते सप्टेंबर कपाटाच्या मागची भिंत ओली, चपला पांढऱ्या, पुस्तकांना वास. भिंगावर बुरशी येते ती कोळ्याच्या जाळ्यासारखी किंवा बर्फाच्या नक्षीसारखी दिसते. झाकण काढून, भिंगाचं छिद्र पूर्ण उघडून, मागून मोबाइलचा दिवा धरला की कळतं. बुरशी काच खात नाही. ती धूळ, बोटाचा तेलकटपणा, आतल्या वंगणाचा अंश यांवर जगते. पण तिच्यातून जे आम्ल सुटतं ते काचेवरचा पातळ लेप खातं. लेप गेला की कारागीर बुरशी पुसून देईल, पण तिचा ठसा काचेवर कायम राहतो.

इथे आपल्या घरची शिस्त कामाला येते. दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ हे आपण लहानपणापासून पाळत आलो. ओलाव्यात जीव उत्पन्न होतात आणि बुरशीच्या एका शरीरात अनंत जीव असतात, हे पाठशाळेत शिकलो. मग उत्पन्न होऊ द्यायचे आणि नंतर औषध लावून मारायचे, की उत्पन्नच होऊ द्यायचे नाहीत? जयणा म्हणजे दुसरं. कॅमेऱ्याची चांगली निगा आणि जयणा, दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

आमची पद्धत अशी. रबराची कड असलेला, चारी बाजूंनी खटके लागणारा प्लास्टिकचा डबा घ्यायचा, आपण पापड ठेवतो तसाच. तळाशी सिलिका जेलच्या पिशव्या. आत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहिला की मी निश्चिंत असते. ६० च्या वर चढला की निळे खडे गुलाबी झालेत का बघायचं आणि झाले असतील तर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे. त्यासाठी तवा वेगळा ठेवा, त्या खड्यांचा रंग खाण्यातला नाही. अगदी कोरडंठाकही करायचं नाही, वंगण सुकतं. डांबरगोळ्या आणि कापूर डब्यात अजिबात टाकू नका, त्यांची वाफ काचेवर बसते. आणि पंधरा दिवसांतून एकदा कॅमेरा बाहेर काढून सकाळच्या उजेडात धरायचा, सगळ्या वेगांवर शटर चार-चार वेळा उडवायचं. ठेवताना शटर ताणलेलं ठेवायचं नाही.

कॅमेऱ्याबरोबर आलेली चामड्याची खोळ आमच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी गॅलरीत ठेवायला लावली होती. चामडं घरात नको, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढे कारागिरानेही तेच सांगितलं, कारण वेगळं. चामडं ओल धरून ठेवतं, बुरशीचं पहिलं घर तेच. सांगलीकडच्या सासूबाईंना हे ऐकायला मिळालं असतं तर त्यांनी चार जणींना ऐकवलं असतं!

दुरुस्तीबद्दल थोडं. मागच्या झाकणाच्या खाचेत आणि आरशाच्या वर काळा फोम असतो. वीस-पंचवीस वर्षांत त्याचं डांबर होतं, चिकटतं आणि मग रोलवर उजेड झिरपतो. हा बदलून घ्यावा लागतो, फार खर्चाचं काम नाही. आरशाला मात्र हात लावायचा नाही. त्याचा चांदीसारखा लेप काचेच्या पुढच्या बाजूला असतो, घरच्या आरशासारखा मागे नाही. एका दुकानात मुलाने आमच्या देखत तो रुमालाने पुसला आणि ओरखडे कायमचे राहिले. फोटोत ते येत नाहीत, पण डोळा लावला की दरवेळी दिसतात. तेव्हापासून आम्ही मुंबईतच जातो. सीएसएमटीजवळच्या बोरा बाजार भागात कॅमेऱ्यांची जुनी दुकानं आहेत. १७ नोव्हेंबर २०२३ पासून पेंधर ते बेलापूर मेट्रो सुरू झाली, पुढे हार्बर लोकल. सकाळी निघालं की सूर्यास्ताच्या आत घरी येऊन जेवण होतं. तिथल्या हातांकडे बघा, बहुतेक साठीच्या पुढचे. नुसत्या आवाजावरून शटर संथ झालंय हे ओळखणारी ही माणसं आहेत. आपण कॅमेरे कपाटात ठेवले तर त्यांच्याकडे काम येणार नाही, आणि काम आलं नाही तर शिकायला मुलगा बसणार नाही.

आता जे मला सगळ्यात अवघड वाटतं ते. रोल.

फिल्मवर जिलेटिन असतं. प्रामुख्याने जनावरांची हाडं आणि कातडी यांपासून केलेलं. चांदीचे प्रकाशाला जागणारे कण याच थरात बसवलेले असतात. पाण्यात तो फुगतो, औषधं आत जाऊ देतो, पुन्हा सुकून घट्ट होतो. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने हा उपाय सुचवला. त्याआधी काचेवर कोलोडियन लावत, ते कापसापासून होई. पण त्या काळचे कागदावरचे फोटो अंड्याच्या पांढऱ्यावर छापत, म्हणजे तेही आपल्यासाठी सुटलेलं नव्हतंच. १९२५ च्या सुमारास कोडॅकच्या शेपर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने शोधलं की काही जिलेटिन जास्त चांगलं का चालतं. गुरांनी मोहरीच्या जातीच्या वनस्पती खाल्ल्या की त्यातलं गंधक जिलेटिनमध्ये उतरतं आणि फिल्म उजेडाला जास्त जागते. वाचून मी बराच वेळ गप्प होते. आपण जेलीच्या पाकिटावर हिरवा ठिपका शोधतो. फिल्मच्या डबीवर ठिपका नसतो. शिवाय के१००० चा शटरचा पडदा रबर चढवलेल्या रेशमाचा, आणि रेशमी साड्या मी कधीच सोडल्या. म्हणजे चामडं, रेशीम, जिलेटिन तिन्ही एकाच वस्तूत.

यावर माझी जाऊ म्हणते, मग टाकून दे. मला ते पटत नाही. पडदा एकदा झाला तो झाला, तो फेकल्याने रेशमाचा किडा परत येत नाही. १९९३ च्या श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाचे ह्यांनी काढलेले दोन रोल आहेत, त्यात सासूबाई आहेत. दूध, हळद, चंदन एकामागून एक उतरताना त्या हात जोडून वर बघताहेत. ते निगेटिव्ह मी टाकणार नाही. उलट त्यांची जास्त काळजी घेते, कारण जिलेटिन हे बुरशीचं खाद्यच. भिंगाच्या आधी निगेटिव्ह जातात. ते स्कॅन करून घ्या, मग कोरड्या डब्यात.

नवा रोल विकत घेणं हा मात्र वेगळा प्रश्न आहे. तिथे मागणी आपण करतो. आमच्या घरात ह्यांनी परिमाण घेतलंय, वर्षाला दोन रोल आणि चातुर्मासात एकही नाही. मी स्वतः बटण दाबत नाही, माझा फोटो मात्र काढू देते. यात विसंगती आहे असं जाऊ म्हणते, आणि तिचं अगदी चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण 'सगळं किंवा काहीच नाही' या हट्टाने माणसं शेवटी काहीच पाळत नाहीत, हे मी पुष्कळ पाहिलंय. ज्यांना रोल नकोच, त्यांच्यासाठी वाट आहे. के-माउंटची जुनी भिंगं पेंटॅक्सच्या डिजिटल एसएलआरवर लागतात, आणि इतर कंपन्यांच्या मिररलेस कॅमेऱ्यावर अडॅप्टर लावून चालतात. फोकस हाताने करायचा, एवढंच. आमची मुलगी ह्यांचं ५० मिलिमीटरचं भिंग असंच वापरते.

संग्रह करणाऱ्यांबद्दलही कुणीतरी विचारेलच. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या नावावर ४,४२५ कॅमेऱ्यांचा गिनेस विक्रम २००३ मध्ये नोंदला गेला. आकडा वाचून माझ्या पोटात आधी गोळाच आला, एवढी धूळ कोण पुसणार! पण अभ्यासाने जमवलेला, लोकांना दाखवलेला संग्रह वेगळा. गुरुग्रामला २०१९ मध्ये म्युझिओ कॅमेरा हे संग्रहालय उघडलं, तिथे कॅमेरे बघून मुलं काही शिकतात. आपल्या कपाटातला एक कॅमेरा कुणाला काय शिकवतो?

तेव्हा देणार असाल तर नुसता उचलून देऊ नका. मागचं झाकण उघडण्याआधी वरची रोल गुंडाळायची खुंटी बाणाच्या दिशेने हलके फिरवून बघा. ताण लागला तर आत रोल आहे. तळाचं छोटं बटण दाबून, खुंटी सैल होईपर्यंत फिरवून तो आधी डबीत घ्या, आणि धुवायला द्या. सेल काढा. भिंगामागे दिवा धरून बुरशी असेल तर घेणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा, कारण ती त्याच्या चांगल्या भिंगांशेजारी जाऊन बसायला नको. आणि पट्टा चामड्याचा असेल तर कापडी लावून द्या. पनवेलला बाजारात सहज मिळतो.