जहाजांचे शेअर आणि मुलांची पुस्तके
समुद्रातील तेलविहिरींना जहाजे पुरवणाऱ्या कंपन्यांचे शेअर व्यापारी बांधवांनी जपून घ्यावेत. जून 2014 मध्ये 110 डॉलरवर असलेले तेल जानेवारी 2016 मध्ये 30 च्या खाली आले; जहाजे रिकामी उभी राहिली, व्याज मात्र चालूच. 2009 मध्ये ग्रेट ऑफशोअरसाठी झुंजलेल्या भारती व एबीजी या दोन्ही शिपयार्ड कंपन्या 2019 मध्ये अवसायनात गेल्या. तेव्हा व्याजी कर्ज आधी पाहा.

‘नफा झाला की गरीब मुलांना पुस्तके देऊ’ हे आमच्या मोमिनपुऱ्यातले नेहमीचेच! विदर्भातील शाळा जूनअखेर उघडतात. तो पैसा आधीच बाजूला काढा. जकातीची पुस्तके हनफी मतानुसार गरजूच्या मालकीची व्हावी लागतात. वाचनालयाच्या कपाटासाठी सदका वेगळा काढा.