हिरवी वैरण हीच जीवनसत्त्वांची पहिली बाटली

गाईचे तूप पिवळे आणि म्हशीचे पांढरे, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. मात्र हा पिवळेपणा गाईला हिरव्या वैरणीतील कॅरोटीनपासून मिळतो, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. म्हैस कॅरोटीनचे जवळजवळ पूर्णपणे ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतर करते. गाय त्याचा काही भाग तसाच दुधात उतरविते. म्हणूनच केवळ कडब्यावर राहिलेल्या गाईचे तूप फिकट पडते.

ज्या देशांत गोमांसाचा व्यापार चालतो, तेथेही असाच अनुभव आहे. तांबडे मांस हवेतील प्राणवायूमुळे तपकिरी पडते. जनावरास काही महिने ‘इ’ जीवनसत्त्व दिल्यास ते स्नायूंत साठते व रंग अधिक काळ टिकतो. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबरच वळू व बैल यांच्याही कत्तलीस बंदी असल्याने तो व्यापार आपला नव्हे. परंतु त्यातील बोध आपला आहे. जे जीवनसत्त्व महिनोन् महिने खुराकातून जावयास हवे, त्याची उणीव आयत्या वेळी भरून निघत नाही.

नीरा डाव्या कालव्याखालील बारामती व इंदापूर तालुक्यांत उसाबरोबर दुधाचा धंदाही वाढला आहे. गळिताच्या हंगामात उसाचे वाढे सहज मिळते. परंतु त्यात प्रथिने थोडी असतात, आणि त्यातील ऑक्झलेट चुन्याचा अंश शरीरास लागू देत नाही. पुढे उन्हाळ्यात कडबा व वाळलेले वाढे एवढेच उरते. उन्हात वाळताना वैरणीतील बहुतेक कॅरोटीन नष्ट होते. यकृतातील साठा काही महिने पुरतो. त्यामुळे उणीव लवकर दिसत नाही. दिसते तेव्हा गाभण गाईची वार अडकते, वासरू अशक्त जन्मते, कधी आंधळेही निपजते.

यावर पशुपालक म्हणेल की, दुधाचा दर फॅट व एस. एन. एफ. यांवर ठरतो, जीवनसत्त्वे कोण मोजतो? आक्षेप खरा आहे. संकलन केंद्रावर ही उणीव मोजली जात नाही. तिची किंमत गोठ्यातच मोजावी लागते.

इंजेक्शनास विरोध करण्याचे कारण नाही. पशुवैद्याच्या सल्ल्याने ते अवश्य द्यावे. तथापि बाटलीवर पैसा घालण्यापूर्वी उसाच्या क्षेत्रातून काही गुंठे लसूणघासासाठी राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरेल. पाणी असताना मका कापून मुरघास करावा. हवा न शिरेल असा दाबल्यास उन्हात वाळविलेल्या वैरणीपेक्षा त्यात कॅरोटीन अधिक टिकते. खनिज मिश्रणाच्या प्रत्येक पुडीत जीवनसत्त्वे असतातच असे नाही. घेताना वेष्टन वाचावे.

ग्रामसेवकांनी गोठ्यास भेट देताना दूध किती, एवढेच विचारू नये. गेल्या तीन महिन्यांत गाईने हिरवे किती खाल्ले, हा प्रश्न आधी विचारावा. पुढील वेताचे भवितव्य त्या उत्तरावर पुष्कळ अंशी अवलंबून आहे.