विश्लेषण : कर्ल सगळ्यांना हवे, पण ते सांभाळायचे कुणी?

ॲमस्टरडॅम, ऑगस्ट २०२५. ओपन सोर्स समिट युरोप या परिषदेत स्वीडनचे प्रोग्रॅमर डॅनियल स्टेनबर्ग यांनी पडद्यावर ४७ मोटार ब्रँडची नावे दाखवली. या सगळ्यांच्या गाड्यांत ‘कर्ल’ हे त्यांचे सॉफ्टवेअर आहे. पुढची स्लाइड होती प्रकल्पाला हातभार लावणाऱ्या ब्रँडची. ती कोरी होती.

कर्ल म्हणजे काय?

इंटरनेटवरून माहिती आणणे आणि पाठवणे, हे कर्लचे काम. ते स्वतः दिसत नाही. इतर सॉफ्टवेअरच्या पोटात राहून ही ने-आण करते. १९९८ मध्ये ते या नावाने पहिल्यांदा प्रसिद्ध झाले. आज फोन, टीव्ही, गाड्या, गेमिंग कन्सोल अशा सगळीकडे ते आहे. प्रकल्पाच्या अंदाजानुसार जगभरात ते २० अब्जांहून अधिक ठिकाणी बसवलेले आहे.

काम कोण करते?

कर्लचा कोड खुला आहे. हजाराहून अधिक जणांनी त्यात भर घातली आहे. मात्र पूर्णवेळ काम करणारे एकटे स्टेनबर्ग. आलेली प्रत्येक दुरुस्ती वाचायची, तपासायची, चूक निघाली तर निस्तरायची, हे रोजचे काम.

अपेक्षा मात्र मोठ्या. जानेवारी २०२२ मध्ये फॉर्च्युन ५०० यादीतील एका कंपनीने त्यांना ईमेल पाठवून ‘लॉगफोरजे’मधील त्रुटीबाबतच्या प्रश्नांची उत्तरे २४ तासांत मागितली. कर्लचा त्या त्रुटीशी संबंध नव्हता, कंपनीशी कसला करारही नव्हता. आधी सपोर्ट करार करा, मग आनंदाने उत्तरे देतो, असे स्टेनबर्ग यांनी कळवले.

त्यात एआयने लिहिलेल्या खोट्या त्रुटी-अहवालांचा पूर आला. प्रत्येक अहवाल तपासण्यात तासन्‌तास जात. अखेर २०१९ पासून सुरू असलेली त्रुटी शोधणाऱ्यांसाठीची बक्षीस योजना जानेवारी २०२६ अखेर बंद करावी लागली.

भाषणे कशासाठी?

ब्रसेल्समध्ये दरवर्षी भरणाऱ्या ‘फॉसडेम’सह अनेक परिषदांत स्टेनबर्ग बोलतात. कोड कसा तपासला जातो, चुका कुठे होतात, पैसा कुठून येतो, हे ते उघडपणे मांडतात. याला मिरवणे म्हणता येणार नाही. अशा प्रकल्पाकडे ना जाहिरात विभाग असतो, ना विक्री प्रतिनिधी. अडचण सांगायला आणि नवे हात जोडायला व्यासपीठ हाच मार्ग उरतो.

कंपन्या चुकतात का?

कायद्याने नाही. कर्लचा परवाना फुकट वापराची मुभा देतो आणि स्टेनबर्ग यांनी तो स्वखुशीने दिला आहे. पण परवाना फुकट असला तरी देखभाल फुकट होत नाही. ज्या सॉफ्टवेअरवर आपले उत्पादन चालते, त्याच्या सुरक्षेचा भार एका माणसावर टाकणे हा कंपन्यांचा स्वतःचाच धोका आहे. युरोपीय संघाच्या ‘सायबर रेझिलियन्स ॲक्ट’च्या मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील, तेव्हा वापरलेल्या घटकांची जबाबदारीही उत्पादकावर येईल.

त्याआधीच सपोर्ट करार करणे किंवा आपल्या अभियंत्यांना आठवड्यातील काही तास अशा प्रकल्पांसाठी देणे, हे या कंपन्यांना मुळीच जड नाही. पुढच्या परिषदेतही ती स्लाइड कोरीच राहिली, तर दोष परवान्याचा नसेल.