मालाचा फोटो आणि मागचा पडदा

बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, असे म्हणतात. आज गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्याआधी मोबाईलवर मालाचा फोटो मागते. आपल्या बहुतेक कारागीर बांधवांचे फोटो मात्र मुके असतात. फुलाफुलांच्या चादरीवर ठेवलेली चप्पल किंवा भांड्यांच्या मांडणीपुढे उभा केलेला तांब्या पाहून नजर ठरत नाही. महिनाभराची मेहनत क्षणात नापसंत होते.

शेजारचा रंग नजरेला फसवतो, ही गोष्ट एका कारखान्यातच उजेडात आली. पॅरिसच्या गोबलँ या गालिचे-पडद्यांच्या कारखान्यात शेव्हरूल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगखात्याचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले, तर रंगात खोट नव्हती; शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे काळा फिका भासत होता. १८३९ साली त्यांनी यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

आपल्या मालाला हाच नियम लावून पाहावा. तांब्याची झाक नारिंगी असते आणि निळा हा नारिंगीचा विरोधी रंग आहे. म्हणून मंद निळ्या कापडापुढे तांब्याचे भांडे उठून दिसते. विणलेली पांढरी टोपी गडद रंगावर ठेवली, तरच जाळी दिसते. बिदरी कामाचे अवघड आहे. काळ्या कापडावर त्याची कड हरवते. पांढऱ्याशुभ्र कागदावर कॅमेरा आपोआप उजेड कमी करतो आणि भांडे काळा डाग होऊन बसते. त्याला साधा फिकट राखाडी पडदा बरा. जवळ लाल कापड ठेवू नये. चांदीच्या तारेत त्याची लाली उतरते.

यासाठी स्टुडिओ लागत नाही. ड्रॉइंगचा मोठा कागद भिंतीला चिकटवून, घडी न पाडता टेबलावर वळवून आणावा. खिडकीचा उजेड एका बाजूने घ्यावा, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करावा. फ्लॅश बंद ठेवावा. वस्तू पडद्यापासून हातभर पुढे ठेवावी, म्हणजे सावली मागे पडत नाही.

एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू. पडदा माल दाखवण्यासाठी आहे, फसवण्यासाठी नाही. रंगीत पडद्यावर मालाचा रंग खुलतो, पण थोडा बदललेलाही भासतो. म्हणून एक फोटो राखाडी कागदावर काढून सोबत द्यावा आणि ऐब असेल तर तोही दाखवावा. रंग वेगळा निघाला की माल परत येतो, भाडे अंगावर पडते आणि नाव जाते ते वेगळेच.

प्रत्येकाला घरी जागा नसते. मोहल्ल्यातील चार कारागिरांनी मिळून एक खिडकी आणि दोन-तीन रंगांचे पडदे ठेवावेत, असे आम्ही सुचवतो. दलालाने काढलेल्या फोटोवर दलालाचा भाव लागतो. आपल्या मालाचा फोटो आपणच काढावा.