शेवट ठाऊक असलेली माणसं

आपल्या ऐतिहासिक सिनेमातल्या माणसांना पहिल्या प्रसंगापासून एक गोष्ट पक्की ठाऊक असते. आपण पुढे चौथीच्या पुस्तकात जाणार आहोत. त्यामुळे ती जेवतातसुद्धा धड्यात जेवल्यासारखी. पाणी पिताना स्वराज्याविषयी एक वाक्य, घोड्यावर मांड टाकताना दुसरं, आणि आईच्या पाया पडून उठताना नजर थेट बाल्कनीकडे. शत्रूलाही आपण हरणार हे माहीत असतं, म्हणून तो सुरुवातीपासूनच गरजेपेक्षा जास्त हसतो आणि जास्त मांस खातो. ‘तान्हाजी’तला उदयभान तर मगर भाजून खातो. कोंढाण्याचा किल्लेदार मगर आणवतो कुठून, हा प्रश्न मला पुढचा अर्धा तास छळत राहिला. तेवढ्यात पडद्यावर ‘नागीण’ नावाची अवाढव्य तोफ येऊन गेली, तिच्याकडेही नीट लक्ष लागलं नाही.

मला ऐतिहासिक सिनेमे आवडतात आणि विज्ञानकथेचे सिनेमे त्याहून थोडे जास्त. आमच्या घरात ही आवड पोरकट समजली जाते. इतिहास म्हणजे संस्कार आणि अंतराळयानं म्हणजे सुट्टीतला टाइमपास, अशी सरळ वाटणी आहे. मला मात्र दोन्हीकडे एकच कारागिरी दिसते. जिथे कॅमेरा जाऊ शकत नाही असं जग उभं करायचं आणि त्यात अशी माणसं सोडायची, ज्यांना उद्याचं काही ठाऊक नाही. १६७० सालच्या माघातली रात्र असो की गुरूकडे निघालेलं यान, कसोटी तीच.

दूरदर्शनच्या काळात हे दोन्ही एकाच खोक्यात मिळायचं. रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ असायचं. त्याच्या पाठोपाठ आपली ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली. तिच्यातली यंत्रं पुठ्ठ्याची आहेत हे आम्हा पोरांनाही दिसायचं आणि त्याचं आम्हाला काही वाटायचं नाही. १९८८ मध्ये श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ सुरू झाली. तिचे ५३ भाग झाले. तिच्यात नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज होते आणि ओम पुरी औरंगजेब. सेट बेतास बात, सैन्य मोजकं. पण बोलण्याआधी विचार करणारी माणसं त्या पडद्यावर होती. आज तोफा खऱ्यासारख्या दिसतात आणि माणसं पुठ्ठ्याची.

शेवट सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट उत्कंठेने सांगता येते का? याचं उत्तर मला रॉन हॉवर्डच्या ‘अपोलो १३’मध्ये मिळालं. सिनेमा १९९५ चा, घटना एप्रिल १९७० ची. तिघे अंतराळवीर सुखरूप परतले, हे तिकीट काढतानाच ठाऊक. ऑक्सिजनची टाकी फुटल्यावर ते चंद्रावर उतरायच्या यानात आश्रय घेतात. ते यान दोघांसाठी बनवलेलं, त्यात तिघे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साठत चाललाय. तो शोषून घेणारे डबे मुख्य यानात भरपूर आहेत, पण ते चौकोनी, आणि या यानातली जागा गोल. मग जमिनीवरच्या एका खोलीत कुणीतरी टेबलावर सामान ओततं. प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, पोशाखाची नळी, चिकटपट्टी. वर त्यांच्याकडे जे आहे तेवढंच. यातून चौकोनाला गोलात बसवायचं. तो प्रसंग मी कितीही वेळा पाहिला तरी सोफ्याच्या कडेवर येऊन बसतो. कारण टेबलाभोवतीच्या एकाही माणसाला आपल्याला हे जमेल याची खात्री नाही.

याच्या शेजारी आपला ‘मिशन मंगल’ ठेवा. इंधन कमी, अंतर अफाट. त्यावर विद्या बालनच्या तारा शिंदेबाई पुरी तळून दाखवतात. तेल तापलं की गॅस बंद करायचा, उरलेल्या उष्णतेवर पुऱ्या होतात. कल्पना गोड आहे. पण पुरी फुगली आणि प्रश्न सुटला. वैज्ञानिकांचं खरं काम, म्हणजे गणित चुकणं, पुन्हा करणं, एकमेकांवर वैतागणं, ते एका गाण्याच्या लांबीत उरकलं. मंगळयान २०१४ च्या सप्टेंबरात पहिल्याच प्रयत्नात कक्षेत गेलं, हे पात्रांना जणू पुरी लाटतानाच कळलं होतं.

‘रॉकेट बॉइज’ त्या मानाने बरीच उजवी. होमी भाभा आणि विक्रम साराभाई तिथे चुकतात, भांडतात, प्रेमात गोंधळ घालतात. पण भाभांना कुणीतरी आडवं जायला हवं म्हणून रझा मेहदी नावाचा काल्पनिक वैज्ञानिक घुसवला, आणि बघणाऱ्यांना त्यात मेघनाद साहांची सावली दिसली, तिथे मालिकेचा तोल गेला. काल्पनिक पात्राला माझी हरकत नाही. ‘चर्नोबिल’ या पाच भागांच्या मालिकेतली उलाना खोम्युक हीसुद्धा काल्पनिकच आहे. शास्त्रज्ञ लेगासोव्हच्या मदतीला आलेल्या कितीतरी वैज्ञानिकांची ती प्रतिनिधी, आणि तसं मालिका शेवटी स्पष्ट सांगते. अनेकांचं श्रेय एका पात्राला देणं वेगळं, आणि नायक उंच दिसावा म्हणून खऱ्या माणसासारखा कुणी बुटका करणं वेगळं.

यावर आमच्या मित्रमंडळीतून ठरलेलं उत्तर येतं. म्हणे, शिवकालीन सिनेमा हा सिनेमा नव्हेच, ते कीर्तन आहे. हा मुद्दा मला मान्य आहे. ‘पावनखिंड’ संपल्यावर थिएटरात कुणीतरी गारद देतं, सगळे उभे राहतात, आणि मीही उभा राहतो. कीर्तनाला येणाऱ्यालाही आख्यान पाठ असतं, तरी तो येतो. पण चांगला बुवा उत्तररंगात अशी जागा आणतो की, हरिश्चंद्र खरंच तलवार चालवेल की काय, असं क्षणभर वाटून बाया पदर डोळ्याला लावतात. तेवढ्या क्षणापुरता बुवा आपल्याला शेवट विसरायला लावतो. ते जमलं नाही तर उरतो नुसता झांजांचा आवाज.

दिग्पाल लांजेकरांच्या सिनेमांपैकी मला ‘फर्जंद’ त्यामुळेच जवळचा वाटतो. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने जेमतेम साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. एवढ्या मोठ्या किल्ल्यावर साठ माणसं म्हणजे वेडेपणाच. सिनेमा मोहिमेच्या तयारीत रमतो. माणसं कुठली निवडायची, बातमी कोण काढणार, वाट कुठली. त्या भागात माणसं काम करताना दिसतात. लढाई सुरू झाली की मात्र पुन्हा संथ गतीने उडणारं रक्त आणि ढोल. ‘फर्जंद’च्या पुढच्या वर्षी आलेल्या ‘फत्तेशिकस्त’ची जाहिरात तर भारतातला पहिला सर्जिकल स्ट्राइक अशी झाली. लाल महालावरचा छापा १६६३ चा, शब्द २०१६ चा. शाहिस्तेखानाची बोटं तुटण्यापूर्वीच त्या छाप्याचा निकाल वर्तमानपत्रात छापून आल्यासारखं वाटतं.

पण दोष सगळा दिग्दर्शकांचा नाही. पडद्यावरच्या थोर माणसाला शंका येऊ द्यायची नाही, हे आपणच ठरवून टाकलंय. ‘छावा’च्या ट्रेलरमध्ये संभाजीराजे लेझीम खेळताना दिसले तर केवढा गहजब झाला, आणि तो प्रसंग सिनेमातून गेला. लेझमीला इतकं भ्यायचं, तर डिसेंबर १६७८ चं काय करायचं? त्या महिन्यात संभाजीराजे दिलेरखानाला जाऊन मिळाले आणि साधारण वर्षभराने परत आले. वीस-एकवीस वर्षांचा युवराज, वडील दूर, घरात तणाव, समोर मोगलांचं आमिष, आणि मग भूपाळगडावर आपल्याच लोकांवर चालून जायची वेळ. कुठल्याही देशातला नाटककार यासाठी उजवा हात देईल. या एका वर्षावर अख्खा सिनेमा कुणी केलेला माझ्या पाहण्यात नाही. जो माणूस पुढे औरंगजेबासमोर वाकला नाही, तो आधी कुठे आणि का हलला, हे दाखवलं तर तो लहान होत नाही. पण हे म्हणायला निर्मात्याला आधी वकील लागेल.

शंका असलेली माणसं मराठी पडद्यावर कधी दिसलीच नाहीत असंही नाही. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ हा १९७९ चा सिनेमा मिळेल तिथे गाठून पाहावा. प्लेगच्या काळातलं पुणं, रँडचे सोल्जर घरात शिरलेले, आणि चापेकर बंधू. तारीख व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या समारंभाची. गणेशखिंडीतल्या रस्त्यावर काळोखात भाऊ थांबलेत. समारंभ आटोपून बग्ग्या एकामागून एक येतायत, आणि कुठल्या बग्गीत रँड आहे हे ओळखायचं आहे. दुसऱ्या बग्गीत लेफ्टनंट आयर्स्ट होता, तोही गोळीला बळी पडला. हा सिनेमा भावांना घासूनपुसून चकचकीत करत नाही. ते कर्मठ आहेत, हट्टी आहेत, सुधारकांचा राग करतात, आणि तरी आपण त्यांच्याबरोबर त्या काळोखात श्वास रोखून उभे असतो. पटवर्धन दांपत्य पेशाने वास्तुरचनाकार, त्यामुळे वाडे, ओसऱ्या, बोळ यांना तिथे वजन आहे. भिंत भिंतीसारखी दिसते. एवढी साधी अपेक्षा हल्ली पूर्ण होत नाही.

सत्यजित राय यांनी ‘शतरंज के खिलाडी’त तर लढाईच ठेवली नाही. १८५६ मध्ये कंपनीने अवध गिळलं ते गोळी न झाडता, मग दाखवायची कसली? दोन नवाबजादे बुद्धिबळ खेळत राहतात आणि राज्य जातं.

आता विज्ञानकथेकडे. आपल्याकडे तिला पैसे नाहीत असं रडगाणं असतं. पण शेन करूथने ‘प्रायमर’ सुमारे सात हजार डॉलरमध्ये केला, आणि त्यातलं कालयंत्र गॅरेजमध्ये ठेवलेल्या खोक्यासारखं आहे. आरती कडव यांच्या ‘कार्गो’त एक राक्षस अंतराळयानात बसून मेलेल्या माणसांची पुढच्या जन्मासाठी नोंदणी करतो, अगदी सरकारी कारकुनाच्या निष्ठेने. पैशाने जे होत नाही ते त्या कारकुनीने होतं. कुब्रिककडे ‘२००१’साठी पैसा होता, पण मला आजही त्यातली शौचालयाची सूचनापाटी आठवते. गुरुत्वाकर्षणाशिवाय शौचालय कसं वापरायचं याच्या लांबलचक सूचना, आणि त्या गंभीर चेहऱ्याने वाचत उभा असलेला मोठा अधिकारी. १९६८ साली, माणूस चंद्रावर उतरण्याच्या एक वर्ष आधी, या दिग्दर्शकाला भविष्यातल्या माणसाची ही अडचण सुचली, तिथेच मी त्याला शरण गेलो. आपल्या ‘कल्की २८९८ एडी’त एवढं अफाट नगर उभं केलंय, पण तिथला माणूस सकाळी उठून काय करतो हे सांगता येणार नाही.

मराठीत तर कच्चा माल पडून आहे. सुजय डहाकेचा ‘फुंतरू’ येऊन गेला, तो धडपडला, पण निदान निघाला तरी. जयंत नारळीकरांच्या कथांना रॉकेट क्वचितच लागतं. लागतं ते एक टेबल, दोन शंकेखोर माणसं आणि पुणे-मुंबई प्रवास. त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा दोन्ही जातींची आहे. विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निसटते, मराठे पानिपत जिंकतात, आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या दुसऱ्याच हिंदुस्थानात जाऊन पोहोचतात, जिथे मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनीच आहे. ही कथा वाचल्यापासून मला खरं पानिपत जास्त जवळून दिसू लागलं. गोळी चुकू शकली असती, एवढं मनात आलं की तो दिवस पुस्तकातून सुटून मोकळा होतो.

आशुतोष गोवारीकरांनी २०१९ मध्ये ‘पानिपत’ केला, मेहनतीने केला, रसद-पैशाची चणचण त्यात आहेही. पण अडीच महिन्यांची उपासमार आणि एक दिवसाची लढाई यांत सिनेमा शेवटी लढाईकडेच पळतो. मला यावर ‘चर्नोबिल’सारखी पाच भागांची मालिका हवी आहे. पहिल्या भागात मराठे कुंजपुरा घेतात, धान्य हाती लागतं, सगळे खुशीत, आणि तिकडे अब्दाली बागपतला यमुना ओलांडतो. दिल्लीची वाट बंद. दुसऱ्या भागात फक्त हिशेब. माणसं किती, त्यात लढणारी किती, यात्रेकरू किती, घोड्यांना दाणा किती दिवस. कारकून, वाणी, सावकार हीच पात्रं. तिसरा भाग गोविंदपंत बुंदेल्यांचा, रसदेची भिस्त ज्यांच्यावर होती त्या म्हाताऱ्या माणसाचा, आणि डिसेंबरात ते मारले गेल्याची बातमी छावणीत कशी पसरली याचा. चौथ्यात भूक आणि सदाशिवरावभाऊंचा तंबू, आणि आत चाललेला वाद, ज्यात प्रत्येकाचं म्हणणं थोडं थोडं बरोबर आहे.

लढाई पाचव्यात. तीही सकाळी सुरू व्हावी, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी रोहिल्यांची फळी फोडावी, आणि दुपारपर्यंत आपण जिंकतोय असं मलाही वाटावं, चौथीचं पुस्तक पाठ असूनसुद्धा. पार्श्वसंगीतवाल्यांना पहिले चार भाग भरपगारी रजा द्यावी, पाचव्याचं नंतर बघू.