गाडी ऑइल खातेय? इंजिन खोलण्याआधी मोजा

ऊस कारखान्यांचा हंगाम तोंडावर आला की आपल्या धाराशिव जिल्ह्यात उभी असलेली जुनी वाहनं पुन्हा रस्त्याला लागतात. ट्रॅक्टर, पिकअप, पंधरा-वीस वर्षं राबलेल्या जीपा. यातली बरीच वाहनं ऑइल खातात, आणि मालकाला एकच उत्तर मिळतं: "इंजिन गेलं, रिंग-पिस्टन टाका." हे उत्तर कधी बरोबरही असतं. पण तपासणी न करता दिलेलं असेल तर त्यावर पैसे काढू नका. इंजिन खोलायचं म्हणजे हजारोंचा खर्च आणि ऐन कमाईचे दिवस गॅरेजात. दोष भलतीकडेच असला तर एवढं करूनही धूर तसाच.

सुरुवात मोजण्यापासून करा. "महिन्याला लिटरभर लागतं" यावरून काहीच कळत नाही. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डीपस्टिक पुसून पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग बघा. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर वहीत लिहा. ट्रॅक्टर असेल तर तास लिहा. मध्ये जेवढं घालाल तेही लिहा, आणि 1000 किलोमीटरला एकूण किती लागलं ते काढा. दोनशे-तीनशे मिली लागत असेल तर जुन्या गाडीला ते फार नाही. दर वेळी डिझेल-पेट्रोल भरताना डीपस्टिक बघा आणि गाडी चालवा. लिटरभर लागत असेल तर पुढची तपासणी करायलाच हवी. वरच्या खुणेच्या पुढे मात्र ऑइल भरू नका. जादा भरलेलं ऑइलही ब्रीदरमधून वर जाऊन जळतं.

मग ते ऑइल जळतंय की गळतंय, हे बघा. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा. टॅपेट कव्हर, ऑइल फिल्टर, चेंबरचा बोल्ट, क्लचच्या बाजूचं सील इथे ओल दिसली तर आधी ती गळती काढा.

गळती नसेल तर धुराकडे लक्ष द्या. निळसर धूर ऑइलचा. काळा धूर इंधन नीट न जळल्याचा. त्यासाठी रिंग बदलायची गरज नाही. पांढरा धूर सुटत राहिला आणि रेडिएटरमधलं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. निळा धूर नेमका कधी येतो, यावर निम्मं निदान होतं. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताच भपकारा येतो आणि मिनिटभरात थांबतो, तर बहुतेक व्हॉल्व्ह सील कडक झालेत. अनेक पेट्रोल इंजिनांत हे सील हेड न उतरवता बदलता येतात. सोलापूरकडून तुळजापूरचा घाट चढताना, इंजिनवर लोड असताना मागे सतत निळा धूर राहतो, तर रिंग आणि बोअरकडे बोट जातं. टर्बोची गाडी असेल तर टर्बोचे पाइप काढून आत ऑइल साचलंय का, तेही बघा.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण जरा सैल करा. खालून जोराचे फुसकारे येत असतील तर मिस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. पण तेवढ्यावरही निकाल देऊ नका. ब्रीदरची नळी काजळीने बुजली असेल तरी आत दाब साठतो. ती नळी साफ करायला खर्चही येत नाही.

आपल्याकडे खरं दुखणं धुळीचं आहे. एअर क्लीनरपासून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप काढा आणि आतून बोट फिरवा. बोटाला भुरकी माती लागली, तर क्लिप ढिली आहे, रबर चिरलंय किंवा फिल्टर नीट बसलेला नाही. ही धूळ सिलिंडरला पॉलिश पेपरसारखी घासते. हा पाइप तसाच ठेवून नवं किट टाकलं तर तेही लवकरच झिजेल. जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइल बाथ क्लीनरची वाटी धुळीच्या दिवसांत रोज उघडून बघा. तळाला गाळ बसला असेल तर वाटी धुऊन खुणेपर्यंत नवं ऑइल घाला.

एवढं झाल्यावर कॉम्प्रेशन टेस्ट मागा. पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा आकडा घ्यायचा. जो कमी भरेल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंग, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. डिझेलला हा प्रयोग करू नका. तिथे पिस्टनच्या वरची जागा फार कमी असते, आकडा फसवा येतो.

जाडं ऑइल किंवा डब्यातलं औषध घालून धूर काही दिवस दबतो, झिजलेली रिंग भरून येत नाही. जुनी गाडी विकत घेताना हे विशेष लक्षात ठेवा, आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच चालू करून दाखवायला सांगा.

एका धोक्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. टर्बो डिझेल गाडी फार ऑइल ओढायला लागली तर ती त्याच ऑइलवर पळू शकते: चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, रेस चढतच जाते. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबा, सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा, म्हणजे इंजिन बंद पडेल. तेही जमत नसेल तर सगळ्यांना उतरवून लांब व्हा. गाडीने पूर्वी अशी एकदा जरी रेस घेतली असेल तर ती दुरुस्तीआधी भाड्याला काढू नका.

तेव्हा गॅरेजात जाताना वही सोबत न्या, कॉम्प्रेशनचे आकडे तुमच्या समोर घ्यायला सांगा आणि ते लिहून घेतल्याशिवाय इंजिन खोलायला हो म्हणू नका.