दांडा कोणाच्या मापाचा?

मृगाचे दोन पाऊस पडून गेले की आपल्या वस्त्यांमधून कुदळी-फावडी बाहेर निघतात. घराच्या मागे दहा बाय दहाची का होईना, मोकळी जागा असली की तिथे दोडक्याचा वेल, शेवगा, कढीपत्ता, मिरचीची चार रोपे लावण्याची आपल्या माणसांना हौस असते. हौस कसली, रोजच्या भाजीला तेवढाच हातभार! विहाराच्या आवारात झाडे लावण्याचा कार्यक्रमही याच दिवसांत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र घरोघरी कमरेला लावायच्या मलमाचा वास येतो.

तरुण पोरांचे सोडा, ती दोन दिवसांत पुन्हा क्रिकेट खेळू लागतात. पण आपल्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात वाळूजच्या, चिकलठाण्याच्या कंपन्यांत उभ्याने आयुष्य काढलेले काका आहेत. बांधकामावर विटा वाहिलेल्या, चार घरची धुणीभांडी केलेल्या मावशी आहेत. आमच्यासारखे दिवसभर फायलीत मान घालून बसणारे कारकूनही आहेत. या सर्वांची कंबर आधीच कुरकुरत असते. त्यांना घरातून एकच सल्ला मिळतो : "आता वय झाले तुमचे, राहू द्या ते!" वय झाले हे आम्हांला मान्य आहे. परंतु हातातले हत्यार कोणाच्या मापाचे आहे, हे कोणी पाहिले आहे काय?

बाजारात दांडा बसवलेले तयार फावडे घ्यायला जा. दांडा बहुधा दोन-अडीच फुटांचा असतो. घेणारी बाई पाच फुटांची असो की गडी पावणेसहा फुटांचा असो, दांडा तोच. म्हणजे जो जितका उंच तो तितका जास्त वाकणार. चप्पल घेताना आपण पायात घालून चार पावले चालून पाहतो. फावडे मात्र नुसते भाव करून खांद्यावर टाकतो.

आखूड दांड्याचा हा प्रश्न आपल्याकडेच आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तो थेट तेथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तेथे सॅलडच्या पानांची आणि बीटची मोठी शेती आहे. त्या शेतांत विरळणी आणि खुरपणी करणाऱ्या मजुरांच्या, म्हणजे मुख्यतः मेक्सिकन कुटुंबांच्या, हाती फूटभर ते दोन फूट दांड्याचे खोरे दिले जाई. मजूर त्याला आपल्या स्पॅनिश भाषेत 'एल कोर्टिटो', म्हणजे 'आखुडे' म्हणत. दिवसभर कमरेत वाकून ते चालवावे लागे. मजुरांचे पुढारी सेझर चावेझ यांनीही तरुणपणी हेच खोरे चालवले होते आणि पुढे पाठदुखी त्यांच्या मागे कायमची लागली. मालकांचे म्हणणे असे की लांब दांड्याने काम बारीक होत नाही, रोपे तुटतात. परंतु मजूर आणखी एक कारण सांगत. आखूड दांडा असला की काम करणारा वाकलेलाच दिसतो. जो सरळ उभा दिसला तो काम थांबवून उभा आहे, हे मुकादमाला लांबूनच कळते! मजुरांच्या बाजूने मॉरिस जॉर्डेन नावाच्या वकिलाने खटला चालवला, डॉक्टरांनी मणक्यांची झीज साक्षीत सांगितली, आणि १९७५ साली त्या राज्यात हे खोरे बंद झाले. त्यानंतरही तेथली शेती चाललीच, लांब दांड्यानेही खुरपणी झालीच.

हे वाचताना आम्हांला १९७२ चा दुष्काळ आठवल्याशिवाय राहत नाही. मराठवाड्यातली आपली निम्मी माणसे तेव्हा पाझर तलावांवर, नाल्यांच्या बांधांवर, रस्त्यांच्या कामांवर होती. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागण्याचा हक्क मिळाला, ही फार मोठी गोष्ट होती आणि तिचे मोल आम्ही कमी करणार नाही. परंतु मजुरी होती ती खोदलेल्या मातीच्या मोजमापावर. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली टेप लावून मोजली जाई. खोदणाऱ्याची उंची मोजून त्याला दांडा द्यावा, असे काही कोणाच्या नियमात नव्हते. आज आपल्या वस्तीत काटकोनात वाकून चालणारे जे आजी-आजोबा दिसतात, त्यांच्या वाकण्याला वय, अशक्तपणा, हाडांची झीज अशी पुष्कळ कारणे असतील. त्यांत हे कारण नसेलच, असे आम्हांला तरी म्हणवत नाही.

वाकल्याने नेमके होते काय? दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते. तिच्यावर किती दाब येतो हे स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून मोजले. सरळ उभे असतानाचा दाब शंभर धरला, तर नुसते पुढे झुकले की तो दीडशेच्या आसपास जातो आणि झुकून हातात वजन घेतले तर दोनशेच्या वर. त्यातच कमरेतून वळून माती बाजूला फेकली की त्रास आणखी वाढतो. आखूड फावड्याने आपण नेमके हेच करतो : वाकतो, भरतो, वळतो, फेकतो.

तेव्हा हत्यार घ्यायला गुरुवारी छावणीच्या बाजारात जा, की रविवारी जाफरगेटच्या बाजारात जा, एक करा. पाते आणि दांडा वेगवेगळे घ्या. लांब दांड्याचा साधा ठोकताळा असा : सरळ उभे राहून तो जमिनीवर टेकवला की त्याचे वरचे टोक छाती आणि हनुवटी यांच्या मध्ये यावे. दांड्याची जाडी सव्वा ते दीड इंच असावी. मूठ आवळली की अंगठा बोटांना जवळजवळ टेकला पाहिजे. बायकांच्या हाताला सव्वा इंचच बरा. जाड दांडा धरून धरून आधी मनगट आणि मग खांदा भरून येतो. लाकूड बाभळीचे किंवा धावड्याचे मिळाले तर उत्तम. रेषा सरळ टोकापर्यंत गेलेल्या असाव्यात, मध्ये गाठ नको. रंग दिलेला दांडा घेऊ नये, रंगाखाली काय आहे ते दिसत नाही.

आता यातली मेख सांगतो. दांडा लांब केला की पात्याचे वजन हाताला जास्त जाणवते. म्हणून लांब दांड्याला मोठे, जड पाते बसवू नका. "मोठे पाते घ्या, काम लवकर उरकेल," असे दुकानदार हमखास सांगतो. त्याचे काम उरकते, आपली कंबर उरते! पाते लहान आणि हलके घ्या. शिवाय आखूड दांड्यासाठी वळवलेले पाते लांब दांड्याला तसेच बसवले तर ते मातीत नीट शिरत नाही. लोहाराला आपण उभे राहून दाखवावे आणि पाते त्या बेताने वळवून घ्यावे. रस्त्याच्या कडेला भाता घेऊन बसणारे घिसाडी बांधव हे काम डोळ्यांदेखत करून देतात. आणि एवढ्या मेहनतीच्या कामाला त्यांच्याशी पाच-दहा रुपयांची घासाघीस आपण तरी करू नये. नेढ्यात दांडा पाचर मारून घट्ट बसवून घ्या. सैल दांडा पाण्यात भिजवून काम भागवण्याची आपल्याकडे रीत आहे. लाकूड फुगते तेवढ्यापुरते बरे, वाळले की पाते पुन्हा हलते आणि प्रत्येक घावाला झटका मात्र कमरेला बसतो. धारेचेही तसेच आहे. बोथट कुदळीला जोर दुप्पट लागतो.

कंबर दुखणाऱ्याने कुदळ आणि टिकाव शक्यतो दुसऱ्याच्या हाती द्यावे. डोक्यावरून घाव घालायचा आणि मुरुमात तो अडला की उलटा हिसका सोसायचा, हे दुखऱ्या कमरेचे काम नव्हे. पहार त्या मानाने बरी. ती सरळ उभे राहून चालवता येते. थोडी उचलावी, सोडून द्यावी, तिच्या वजनानेच ती आत जाते. मग खाली एक दगड ठेवून तरफेसारखी दाबली की ढेकूळ आपोआप उचकटते. मात्र पाच फुटांची बारीक पहार घ्यावी, गवंड्याची जाडजूड नको. मोकळी झालेली माती काढायला लांब दांड्याचा बेलचा चांगला. फावड्याने माती आपल्याकडे ओढावी लागते, बेलच्याने पुढे सरकवता येते.

परंतु हत्याराइतकाच प्रश्न मातीचा आहे. आपल्या शहरात कुठे काळी माती, तर कुठे वीतभर खणले की मुरूम. काळी माती उन्हाळ्यात विटेसारखी होते आणि भर पावसात पायाला आणि पात्याला गोळे लागतात. दोन्ही वेळी खोदणे म्हणजे कमरेशी वैर. आपले शेतकरी आईबाप वाफसा आल्याशिवाय रानात पाऊल टाकत नव्हते, ते उगीच नव्हे. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा, ही वाफशाची खूण. पाऊस नसेल तर खड्ड्याच्या जागी आदल्या दिवशी भांडी धुतलेले दोन बादल्या पाणी ओता. निम्मे खोदकाम ते पाणीच करते.

आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून थोडा हिशेबही मांडतो. दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि तितकाच खोल खड्डा म्हणजे जवळजवळ साडेतीन घनफूट माती. तिचे वजन सव्वाशे ते दीडशे किलो भरते. ही माती तीन-तीन किलोने उचलली तर चाळीस-पन्नास खेपा होतात. बेलचा शिगोशीग भरला तर खेपा निम्म्या होतील, पण प्रत्येक खेपेला कमरेवर ओझे दुप्पट. दुखऱ्या कमरेने पन्नास खेपाच पसंत कराव्यात, त्याही एका बैठकीत नव्हे. संध्याकाळी वीस खेपा, बाकी उद्या सकाळी. माती टाकताना कमरेतून वळू नका, पाय उचलून सगळे अंग वळवा. तळाची माती काढायची वेळ आली की बेलचा ठेवून द्या. गोणपाटावर एक गुडघा टेकून बसा आणि डब्याने माती काढा. त्यात लाज कसली?

बायकांचे दुखणे वेगळे. खोदायला पुरुष एक दिवस येतो, खुरपायला बाई चार महिने बसते. खुरपे घेऊन उकिडवे बसणे हे वाकून उभे राहण्यापेक्षा पाठीला बरे, पण गुडघे धरतात. बुडाखाली वीतभर उंचीचा पाट घेतला तर दोन्हींना आराम पडतो. ज्यांना बसताच येत नाही त्यांनी खुरप्याच्या पात्याला छातीपर्यंत येणारा बांबू बसवून घ्यावा आणि उभ्याने माती खरवडावी. गावाकडे ज्यांचे अर्धा-एक एकर रान आहे त्यांनी सायकल कोळपे जरूर पाहावे. जुन्या सायकलच्या चाकाला दोन मुठी आणि खाली पाते, असे ते साधे यंत्र आहे. गावच्या वेल्डिंगच्या दुकानातही ते बनवून मिळते आणि माणूस सरळ चालत तण काढतो. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनेही बायकांच्या उंचीचा आणि ताकदीचा विचार करून अशी हातकोळपी आणि विळे तयार केले आहेत. बाईचे माप घेऊन हत्यार बनवायचे हे सरकारी संस्थेला सुचले, आता घरातल्या पुरुषांना सुचायला हरकत नाही. पुढच्या वेळी फावडे आणायला जाताना घरातल्या बाईलाही बाजारात बरोबर न्या आणि दांडा तिच्या हातात देऊन पाहा.

जाता जाता पट्ट्याविषयी. कंबरपट्टा बांधला की कितीही ओझे उचलावे, असा एक समज आहे. पट्ट्याने दुखापत टळते असा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. उलट पट्ट्याच्या जोरावर माणूस झेपेल त्याहून जास्त उचलायला जातो. कंबर धरलीच तर आठ-आठ दिवस अंथरूण धरून पडण्याचा जुना सल्लाही डॉक्टर आता देत नाहीत. दुखणे सोसेल इतके हिंडते-फिरते राहावे, असेच सांगतात. मात्र कळ कमरेतून पायात उतरू लागली, पाय बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर मालिशवाल्याकडे जाऊ नका, डॉक्टरांकडे जा. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी घाटी दवाखाना गाठा, रात्र काढू नका. खड्डा अर्धा राहिला तर राहू द्या. सावलीत ठेवून रोज तांब्याभर पाणी घातले तर रोप पिशवीत पंधरा दिवस सहज तग धरते.